एकदाच केलेली तपासणी

गुजरातेतल्या नंदेसरीच्या एका रंगाच्या कारखान्यात मी एकोणतीस वर्षं लॅबमध्ये आहे. काम काय, तर पिंपातला माल पास की नापास ते सांगायचं. हिरवं लेबल लागलं की गाडी भरते. लाल लागलं की पिंप कोपऱ्यात जातं आणि मॅनेजरपासून हमालापर्यंत सगळे माझ्याकडे डोळे वटारून बघतात. बघू देत. कुणाचं तोंड बघून लेबल लावणं मला कधी जमलं नाही. आमचे मॅनेजर म्हणतात, "बेन, तमे तो पथ्थर छो." दगड आहात तुम्ही. मी ते कौतुकच समजत आले.

घरीही मी तशीच. आमचे हे शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहेत. स्वभाव इतका मऊ की भाजीवाल्याने सडका टोमॅटो दिला तरी हेच त्याला सॉरी म्हणतील. त्यामुळे दोन मुलींना शिस्त लावायचं काम माझ्याकडे आलं. थोरलीचं लग्न झालं, ती इथेच सुभानपुऱ्यात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. धाकटी तेवीस वर्षांची. ती सी.ए.च्या परीक्षेला दोनदा बसली आणि दोनदा नापास झाली. मी तिला काही बोलले नाही असं मी पुष्कळ दिवस सगळ्यांना सांगत होते. बोलले होते. "ताईला एका फटक्यात नोकरी लागली, तुझ्याच डोक्यात काय भुसा भरलाय?" असं म्हणाले होते, तेही जेवणाच्या ताटावर.

ती दिवसभर वाचनालयात बसायची. तिथल्या चार मुलींनी तिला खोकल्याचं औषध प्यायला शिकवलं. खोकला नसताना. बाटली थंड पेयात ओतायची आणि वाटून प्यायची, की म्हणे डोकं शांत होतं, रात्री झोप लागते. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे आम्हा आयांना वाटायचं की पोरं सुरक्षित आहेत, आणि मुलींची तर काळजीच नको. डोंबल सुरक्षित! माझ्या मुलीच्या दप्तरात मला सहा रिकाम्या बाटल्या सापडल्या. आमच्या सोसायटीत अशी आणखी दोन घरं होती, हे मला नंतर कळलं. एका घरात 'ॲसिडिटी' होती, दुसऱ्या घरात 'मुलगा मामाकडे शिकायला गेलाय'. हळदीकुंकवाला आम्ही तिघी आया शेजारी शेजारी बसून एकमेकींना तिळगूळ देत होतो आणि तिघी खोटं बोलत होतो.

वाचनालयाच्या मागच्या ज्या औषधाच्या दुकानातून ती बाटल्या घ्यायची, तिथे मी गेले. काउंटरवर उभी राहून असा तमाशा केला की रस्ता गोळा झाला. महिन्याभरात ते दुकान बंद पडलं. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. बघा, काय बाई आहे, असं लोक म्हणाले आणि मला ते आवडलं.

मग तिला मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाई चांगल्या. त्यांनी मुलीला गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "पहिले तीन-चार महिने फार नाजूक असतात. औषधापेक्षाही घरच्यांनी विश्वास ठेवणं तिला जास्त लागेल. ती सुटेल की नाही ते त्यावर ठरणार आहे. तपासायचं असेल तर इथे आणा, मी पक्की तपासणी करून घेईन. घरात पोलीस ठाणं उघडू नका." मी मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी लॅबला माल पुरवणाऱ्या माणसाकडून मी लघवी तपासायच्या पट्ट्यांचं पाकीट मागवलं. डॉक्टरबाईंना काय कळतंय तपासणीतलं, माझा जन्म गेलाय त्यात.

दर रविवारी सकाळी सात वाजता ती मला कप आणून द्यायची. मी न्हाणीघराच्या दाराशी उभी राहायचे, दार अर्धं उघडं ठेवायला लावायचे. तेवीस वर्षांची मुलगी! गरोदरपणाच्या पट्टीपेक्षा या पट्टीचं उलटं असतं. दोन रेघा आल्या तर काही घेतलेलं नाही, एकच आली तर घेतलंय. अकरा रविवार दोन रेघा आल्या. मी वहीत लिहायचे, 'पास'. हो, तोच शब्द. तीही वाकून वहीत बघायची आणि मग चहा टाकायला जायची. हळूहळू तिचा चेहरा भरला. संध्याकाळी बाबांबरोबर पत्ते खेळायला लागली. एकदा तर मला म्हणाली, "आई, तुझा अंबाडा आज वाकडा झालाय, थांब." आणि माझे केस विंचरून दिले. माझी पोरगी मला परत मिळत होती, हे मला दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

तो अधिक महिना होता. थोरलीचं लग्न झाल्यावरचा पहिलाच, म्हणजे जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. बाराव्या रविवारी त्यांना जेवायला बोलावलं होतं. शनिवारी दुपारी मी आणि धाकटी अनारसे करायला बसलो. ती खसखशीवर थापायची, मी तुपात सोडायचे. पहिला घाणा सगळा तुपात विरघळून पसरला. अनारसा असा फिसकटला की आमच्याकडे म्हणतात, अनारसा हसला. "आई, हे सगळेच हसतायत गं!" म्हणत ती इतकी हसली की पाट सोडून जमिनीवर बसली. हसलेले सगळे अनारसे तिने खाल्ले. तुपाच्या तळाची खसखस गाळून खाल्ली. शेवटी वाटीभर खसखस उरली होती, ती उरलेल्या गुळात कालवून चमच्याने खात बसली. मी म्हटलं, "पोट बिघडेल गं बाई." ती म्हणाली, "बिघडू दे, आज मजा आली."

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. ते खोकल्याचं औषधही अफूच्याच घराण्यातलं. एम.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या बाईला हे सांगावं लागतं का? त्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं.

रविवारी सकाळी पट्टीवर एकच रेघ आली.

"मी नाही घेतलं," ती म्हणाली.

"मग पट्टी खोटं बोलते?"

"मला नाही माहीत. पण मी नाही घेतलं गं आई. शपथ."

"शपथा घालू नकोस. तुझ्या शपथा सहा बाटल्यांच्या वेळी ऐकल्यात मी."

आमचे हे पेपर बाजूला ठेवून आले. "अहो, असं काय करताय, पुन्हा एकदा बघा ना," मला म्हणाले. राग आला किंवा भीती वाटली की हे मला अहोजाहो करतात. "पाकिटात दुसरी पट्टी आहे ना? का डॉक्टरबाईंना दाखवायचं?"

"तुम्ही मध्ये पडू नका," मी म्हटलं. "तुमच्या लाडांनीच ही वेळ आणलीय."

ते गप्प बसले. जन्मभर गप्पच बसले, आणि मला त्यांचा तोही राग येतो. त्या दिवशी एकदा तरी माझा हात धरायचा होता.

पाहुणे यायचे होते म्हणून मी आवाज केला नाही. तिला म्हटलं, नवीन ड्रेस घाल आणि वाढायला ये. ती वाढत होती, पुरणपोळीवर तूप सोडत होती, जावयाला आग्रह करत होती आणि मधूनच माझ्याकडे बघत होती. मी तेहतीस अनारसे चांदीच्या ताटात रचले, वर दिवा ठेवला, जावयाला ओवाळलं. मग स्वयंपाकघरात थोरलीला सगळं सांगितलं. तिने नवऱ्याला सांगितलं. त्याच्या ओळखीत एक व्यसनमुक्ती केंद्र होतं, शहराबाहेर, मुलींचीही सोय असलेलं. त्याने गच्चीवर जाऊन फोन केले आणि खाली येऊन म्हणाला, "आई, जागा आहे. आज नेलं तर आजच घेतील. तीन महिने ठेवावं लागेल, भेटायला जाता येत नाही." मी म्हटलं, नेऊ. विचार करायला मला चूळ भरण्याइतकाही वेळ लागला नाही.

तिला मी सांगितलं, "चल, डॉक्टरबाईंकडे जाऊ. पक्की तपासणी करून घेऊ. मग तर झालं?"

तिचा चेहरा असा उजळला! धावत जाऊन तिने डॉक्टरबाईंची फाईल आणली, सगळे कागद नीट लावले आणि गाडीत बसली. रविवारी दवाखाना बंद असतो हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिची बॅग मी आधीच डिकीत ठेवली होती. हायवेला लागल्यावर तिने विचारलं, "इकडून कुठे?" जावई म्हणाला, "तिकडे ट्रॅफिक आहे." फाटकाशी दोन बायका उभ्या होत्या. त्यांनी तिला दंडाला धरून उतरवलं. ती ओरडली, "आई, तपासायचं होतं ना! आई, तपास ना मला!" फाईल रस्त्यावर पडली. कागद थोरलीने रडत रडत गोळा केले. मी गाडीतून उतरले नाही. मला वाटत होतं, मी मन केवढं घट्ट केलंय. मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

बुधवारी कारखान्यात एका नव्या मुलीने एकाच तपासणीवर तीन पिंपांना लाल लेबल लावलं. मी तिला फाडून खाल्लं. "एका आकड्यावर नापास करतेस? दुसऱ्यांदा केलंस? भांडं स्वच्छ होतं का बघितलंस? त्या पिंपात आणखी काय पडलं होतं ते विचारलंस कुणाला? माल नापास करायच्या आधी स्वतःला नापास करून बघायचं असतं, हे कुणी शिकवलं नाही तुला?" ती पोरगी रडकुंडीला आली. मी बोलता बोलता थांबले. आणखी काय पडलं होतं? वाटीभर खसखस. रंगाच्या पिंपाला मी जो न्याय देते, तो माझ्या पोरीला दिला नव्हता.

त्या संध्याकाळी मी वाटीभर खसखस गुळात कालवून खाल्ली. ह्यांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "खोकला येतोय." गुरुवारी सकाळी माझीच लघवी तपासली. एकच रेघ. दुसरी पट्टी काढली, पुन्हा तपासलं. एकच रेघ. तिसऱ्यांदाही तपासलं, कारण ही तपासणी माझी स्वतःची होती.

मी केंद्रावर फोन लावला. तिला घेऊन येते, चूक झाली, एवढंच बोलायचं होतं. पण मी तोंड उघडायच्या आतच तिथला माणूस आनंदाने म्हणाला, "बेन, खुशखबर छे! तुमच्या मुलीने आज सकाळी सगळ्यांसमोर कबूल केलं. त्या आठवड्यात दोन बाटल्या घेतल्या, वाचनालयाच्या मागच्या दुकानातून."

वाचनालयाच्या मागचं दुकान! तिथे मोबाईलची कव्हरं मिळत होती. ते दुकान बंद पाडलं होतं मीच. तिचा कबुलीजबाब खोटा आहे हे मला त्याच क्षणी कळलं. ती शुद्धीवर असती तर असलं खोटं बोलताना तरी बरं दुकान निवडलं असतं. कळलं, आणि तरी मला काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. तिने कबूल केलंय म्हणजे मी चुकले नाही. जावयाला तोंड दाखवता येईल, ह्यांच्याकडे मान वर करून बघता येईल. एक कागद दगडाखाली ठेवावा तशी मी ती पट्टी तिच्या कबुलीखाली दाबून टाकली.

तो माणूस म्हणाला, "बेन, ती इथेच उभी आहे. बोलायचंय का? सारखी तुमचं नाव काढते."

मी म्हटलं, "नको. आता नको. तुमचे नियम मोडू नका."

तिन्ही पट्ट्या कचऱ्यात टाकल्या आणि कंपनीची बस पकडली. ह्यांना सांगितलं, "कबूल केलं तिने." ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "असं?" त्यानंतर तीन महिने ह्यांनी पत्त्यांना हात लावला नाही. मी रोज नंदेसरीला गेले, हिरवी-लाल लेबलं लावली, डबा खाल्ला. झोपही लागायची, हे सांगायला लाज वाटते पण लागायची.

ती परत आली ती केस कापलेली. उवा होतात म्हणून सगळ्यांचे कापतात म्हणे. बोलायची नाही. सांगितलं तेवढं करायची. पाणी प्यायचं असलं तरी विचारायची, "पिऊ का?" कुणी आवाज चढवला की उठून उभी राहायची. शेजारणी म्हणाल्या, "बघा, किती सुधारली! आधी किती तोंड करायची." मीही म्हटलं, हो ना.

आता ती आमच्याकडे राहत नाही, ताईकडे राहते. गेल्या महिन्यात तिचं पुन्हा सुरू झालं, या वेळी खरोखर. तिने ते आपणहून सांगितलं, डॉक्टरबाईंना. मला नाही. ते सोडवायचा प्रयत्न चालू आहे, पण त्यात मी नाही. डॉक्टरबाईंनी तसं स्पष्ट सांगितलंय, आणि मी त्यांच्याशी भांडले नाही. भांडायला तोंड कुठाय? ती घर सोडून का गेली याचं कारण थोरलीला माहीत नाही, ह्यांना माहीत नाही. मला माहीत आहे.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी, दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. ती खाली बघतच म्हणाली, "आई, सॉरी. त्या आठवड्यात मी घेतलं ना, त्याबद्दल. मला ते आठवत नाही. तिथे मी रोज आठवायचा प्रयत्न करायची, कधी घेतलं असेल, कुठून आणलं असेल. नाहीच आठवलं. पण घेतलंच असणार. तू तपासलं होतंस."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. माझ्या पोरीने स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास काढून माझ्या पट्टीवर ठेवला होता. मग मी सगळं सांगितलं. अनारसे, खसखस, माझी स्वतःची तपासणी. ती ऐकत होती. रडेल, ओरडेल, माझ्या अंगावर धावून येईल असं वाटलं. यायला हवी होती.

"हे कधी कळलं तुला?" तिने विचारलं.

'परवा' असं माझ्या अगदी ओठांवर होतं. पण खोटं बोलवलं नाही.

"गुरुवारी."

"कुठल्या?"

"तुला सोडल्यावर चौथ्या दिवशी. सकाळी. मी फोन केला होता तेव्हा."

ती हातातल्या काडीची पानं खुडत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "ते म्हणाले होते, कबूल केलंस तर आईशी बोलू देतो. म्हणून मी केलं कबूल. फोनचा स्पीकर चालू होता आई. तू नको म्हणालीस ते मी ऐकलं."

मी जुडी परातीत ठेवली.

"मला वाटलं, तुला माझा राग आलाय. म्हणून बोलत नाहीयेस. तीन महिने मी स्वतःला हेच सांगत होते, की राग आहे, जाईल. आईचा राग जातो." तिने माझ्याकडे बघितलं. "पण तुला तर तेव्हा माहीत होतं. मग राग नव्हताच ना?"

"नाही," मी म्हटलं. "राग नव्हता."